बेळगावातले आमचे वकीलसाहेब आणि अडकलेले १७ लाख

वकीलसाहेबांचं नाव इथं घालणार नाही, आधीच सांगतो. मी त्यांना विचारलं होतं, साहेब तुमच्याबद्दल चार ओळी लिहू का, तर म्हणाले अनुभव लिहा, नाव-नंबर नको, बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला जाहिरात चालत नाही. मग मी म्हटलं ठीक आहे, नावाशिवाय लिहितो. बेळगाव कोर्टाकडं ज्यांची ये-जा आहे त्यांना वर्णनावरून कळेल, ज्यांना कळणार नाही त्यांना निदान असला वकील कसा हुडकायचा ते तरी कळेल.

माझं उद्यमबागेत छोटं फाउंड्रीचं काम आहे. अण्णांनी चालू केलेलं, आता मी बघतो. एक फर्नेस, १४ माणसं, पंपाची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग करतो. आमचा निम्मा माल कोल्हापूर साइडला जातो, पूर्वीपासून जातोय, तिकडची माणसं आपली, बोलणं मराठीत, तोंडी शब्दावर गाड्या भरून पाठवल्यात आम्ही. त्यातल्याच एका पार्टीनं जून २०२१ ते फेब्रुवारी २०२२ पर्यंत माल घेतला आणि १८ लाख ४० हजार अडकवले. नाव घेत नाही. पुढच्या महिन्यात करतो, मार्चएंड होऊ दे, आमचंच पेमेंट यायचंय, असं करत करत नोव्हेंबर २०२२ ला ५ लाखाचा एक चेक दिला, १० तारखेचा. चार दिवसांत परत आला. फोन केला तर म्हणाले थांबा, आम्ही सांगतो तेव्हा टाका. मी थांबलो. डिसेंबर गेला. पिग आयर्नवाल्याचं देणं, करंटचं बिल, कामगारांचा पगार, बायकोचे दागिने सोसायटीत ठेवून संक्रांतीच्या आधी पगार केला. हे लिहायला बरं वाटत नाही, खरं छोट्या कारखानदाराला १८ लाख म्हणजे काय ते कळावं म्हणून लिहितोय.

त्याच्याआधी मी एका दुसऱ्या वकिलाकडं गेलतो. त्यांनी कागद न बघताच सांगितलं की चेक परत आल्यावर नोटीस द्यायची ३० दिवसांची मुदत गेली, आता फौजदारी होत नाही, दिवाणी दावा घाला, दहा वर्षं लागतील. तिथून बाहेर पडलो तेव्हा पायात जीव नव्हता. मग शहापूरच्या एका लूमवाल्या मित्रानं ह्या साहेबांकडं नेलं.

१६ जानेवारी २०२३, सोमवार, संध्याकाळी साडेसहा. ऑफिस वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, वर गेल्यावर बाकावर आधीच सहा-सात जण. पाऊण तासानं नंबर लागला. मी माझी सगळी कहाणी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "कहाणी नंतर सांगा हो, आधी चेक दाखवा." चेक हातात घेतला, तारीख बघितली, टेबलावरचं भिंतीएवढं कॅलेंडर पुढं ओढलं आणि पेन्सिलनं १० नोव्हेंबरपासून तीन महिने मोजले. "फेब्रुवारीपर्यंत जिवंत आहे हा चेक. उद्या सकाळी परत बँकेत टाका." मी म्हटलं साहेब एकदा परत आलाय की. तर म्हणाले चेकची तीन महिन्यांची मुदत आहे तोवर परत परत टाकता येतो, आणि चेक परत आल्याचा बँकेचा नवीन कागद, म्हणजे मेमो, आला की नोटिशीचे ३० दिवस नव्यानं चालू होतात. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तसा. दहा मिनिटांत माझा मेलेला चेक उठून बसला.

१८ ला चेक परत आला, फंड्स इनसफिशियंट. नोटीस २३ ला रजिस्टर पोस्टानं गेली, पार्टीला २७ ला मिळाली, पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट त्यांनी त्याच दिवशी काढून फाईलला लावली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते गेले की पुढं एक महिना कोर्टात तक्रार घालायला. ह्या सगळ्या तारखा त्यांनी कॅलेंडरवर गोल करून ठेवलेल्या आणि मला एका चिठ्ठीवर लिहून दिल्या. २ मार्चला केस दाखल झाली, तीही बेळगावात. मला वाटत होतं चेक कोल्हापूरच्या बँकेचा म्हणजे आपण तिकडं हेलपाटे घालायचे, तर तसं नाही, २०१५ च्या दुरुस्तीपासून ज्या शाखेत आपलं खातं आहे तिथल्या कोर्टात केस चालते. सीमेवर धंदा करणाऱ्या प्रत्येकानं हे डोक्यात ठेवा, चेक आपल्या बेळगावच्या खात्यातच भरा, पुण्याच्या किंवा मुलाच्या खात्यात भरत बसू नका.

नोटिशीचीही एक गोष्ट आहे. ज्युनिअरनं टाइप करताना ५ लाखाच्या जागी व्याज-खर्च धरून ५ लाख ५० हजार अशी एकच रक्कम मागितली होती. साहेबांनी माझ्यासमोर ते पान फाडलं. ओरडले नाहीत त्या पोरावर, जवळ बसवून सांगितलं की चेकचा आकडा तोच मागायचा, बाकी काय मागायचं ते वेगळ्या ओळीत, नाहीतर समोरचा वकील ह्याच एका आकड्यावर आपली केस उडवतोय. मग दुसरं पान निघालं, त्यांनी स्वतः आकडा अक्षरात आणि अंकात दोनदा वाचला, मला वाचायला लावला, आणि मगच सही केली.

आता उरलेल्या पैशांचं. इथं त्यांच्या अनुभवाची किंमत कळली मला. मी उद्यम रजिस्ट्रेशनचा, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, कागद मोठ्या आशेनं पुढं केला, कारण आमच्या असोसिएशनमधी सगळे सांगत होते की छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी असलेल्या एमएसएमई कौन्सिलकडं जा, ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. कायद्यात तसं आहेच, २००६ चा कायदा, आणि माल देणारा जिथला तिथल्या कौन्सिलकडं जाता येतं, घेणारा महाराष्ट्रात असला तरी. साहेबांनी तारीख बघितली, माझं रजिस्ट्रेशन नोव्हेंबर २०२१ चं, बिलं जूनपासूनची. म्हणाले पहिल्या पाच महिन्यांच्या मालाला तो फायदा मिळणार नाही, सुप्रीम कोर्टानं २०२१ मधीच सांगितलंय, रजिस्ट्रेशन आधी पाहिजे, माल नंतर. म्हणजे अर्धी बिलं कौन्सिलला, अर्धी कोर्टाला, दोन ठिकाणी दोन तोंडं. त्यापेक्षा सगळं एकत्र कमर्शियल कोर्टात घालू. दुसरा कुणी असता तर दोन्हीकडं केस घालून दोन्हीकडची फी घेतली असती, असं मला तरी वाटतं.

कमर्शियल कोर्ट, म्हणजे धंद्यातल्या वादांचं कोर्ट, हा शब्दच मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कायदा २०१५ चा, खरं सुरुवातीला १ कोटीच्या वरचेच वाद तिथं जायचे. २०१८ मधी ती मर्यादा ३ लाखावर आणली आणि तेव्हापासून उद्यमबाग, मच्छे, निपाणी, संकेश्वर इथल्या आमच्यासारख्यांच्या केसा तिथं यायला लागल्या. साहेब म्हणतात त्यांच्या कामाचं वळणच त्या वर्षी बदललं.

त्यांच्या वाटचालीबद्दल थोडं लिहितो, कारण माझ्या बहिणीची मुलगी टिळकवाडीच्या आरएल लॉ कॉलेजला शिकते आणि तिला मी त्यांच्याकडं सुट्टीत बसायला पाठवलं होतं, तिनं घरी येऊन जे सांगितलं ते आमच्यासारख्या कुठल्याच अशिलाला कळलं नसतं. साहेब स्वतः त्याच कॉलेजचे. पहिली काही वर्षं एका दिवाणी सिनिअरकडं फायली उचलल्या, वाटण्या आणि भाऊबंदकीचे दावे. मग बँकेच्या पॅनलवर गेले आणि तिथंच आकडे वाचायला शिकले, खातं कधी थकलं, शेवटची भरणा तारीख कुठली, कर्जदारानं बाकी कबूल केल्याची सही कधीची, कारण तीन वर्षांची मुदत त्या सहीपासून परत मोजायची असते. तेव्हा धारवाडला हायकोर्टाचं बेंच नव्हतं, प्रत्येक अपिलाला बेंगळूर, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी हायकोर्टात उभं राहायचं आणि परत त्याच गाडीनं यायचं. २००८ ला धारवाडला सर्किट बेंच झालं, २०१३ ला कायम झालं, तेव्हा कुठं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला यायला लागले. नंतर बँकेचं पॅनल सोडलं आणि दुसऱ्या बाजूनं, म्हणजे आमच्यासारख्यांच्या बाजूनं उभे राहिले.

भाचीला पहिल्या दिवशी कायद्याचं पुस्तक दिलंच नाही. टॅलीचं लेजर, म्हणजे कॉम्प्युटरवरची खातेवही, दिलं आणि म्हणाले, "बाळ, ह्यात कोण कुणाला किती देणं लागतं आणि कधीपासून, ते संध्याकाळपर्यंत एका पानावर लिहून दे." तिला जमलं नाही. तीन दिवस तेच काम. म्हणे फायनान्सच्या आणि धंद्याच्या वादात वकिलाला भाषणं करायला लागत नाहीत, बॅलन्सशीट, बँक स्टेटमेंट, जीएसटीचं पोर्टल वाचता यायला पाहिजे, आणि तारखांची यादी अशी करता यायला पाहिजे की जजसाहेबांनी दुसरं पान उलटायच्या आत केस कळावी. ती आता कॉमर्सवाल्या मैत्रिणीकडून अकाउंट्स शिकालीय. लॉ करणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं, आपल्या भागात फौजदारी आणि जमिनीच्या वकिलीकडंच सगळे धावतात, ह्या कामाला माणसं कमी आहेत आणि कारखाने वाढलेत.

परत माझ्या केसकडं येतो. कमर्शियल दावा थेट घालता येत नाही, ताबडतोब स्टे वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करायलाच लागते, कलम १२ए, सुप्रीम कोर्टानं २०२२ मधी ते सक्तीचं आहे म्हणून सांगितलंय. बऱ्याच लोकांचे दावे ह्याच्यासाठी परत आलेत म्हणे. अर्ज जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडं, फी १००० रुपये, आणि समोरचा आला तर आमच्या रकमेला मध्यस्थाची फी ३० हजार, दोघांनी निम्मी निम्मी. पार्टी पहिल्या नोटिशीला आली नाही, दुसऱ्या नोटिशीला आली, कारण तोवर चेकची केस डोक्यावर होती. तिथं त्यांनी ६ लाखाची डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातनं पैसे कापायचा कागद, काढली, माल खराब होता म्हणून! मालात ब्लोहोल, म्हणजे आत हवेची भोकं, होते म्हणे, आणि हे त्यांना आठवलं माल नेऊन वर्ष झाल्यावर.

त्याच्या आदल्या शनिवारी साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं, ज्युनिअरला बाहेर पाठवून दार लावलं आणि विचारलं, "खरंच सांगा, एकही कास्टिंग खराब गेलं नव्हतं?" मी जरा वेळ गप्प बसलो. मग सांगितलं, डिसेंबरचा एक लॉट खराब होता, वाळूत ओल राहिली होती, १ लाख ४० हजाराचा माल, त्यांनी तेव्हाच फोटो पाठवलेले. ते म्हणाले बरं झालं आज सांगितलंत, कोर्टात उलटतपासणीत निघालं असतं तर बाकीच्या १७ लाखावरचा पण विश्वास गेला असता. आणि दाव्यात आम्ही स्वतःहून ते १ लाख ४० हजार वजा दाखवले. उरलेल्या मालाबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं, १५ दिवसांत लेखी तक्रार नाही, माल ठेवून घेतला, मशीनिंग करून पुढं विकला, म्हणजे स्वीकारला.

मध्यस्थी फिसकटली. मेअखेरीस तसा रिपोर्ट मिळाला आणि जुलै २०२३ ला दावा दाखल झाला. दावा तयार करायचे ते पंधरा दिवस मला जन्मभर आठवतील. कमर्शियल दाव्यात सगळे कागद सुरुवातीलाच लावायला लागतात, मागाहून आणलेला कागद कोर्टाच्या परवानगीशिवाय चालत नाही. मी १२३ चलनं घेऊन गेलो. साहेब एकेक चलन खिडकीकडं धरून बघत होते, घेणाऱ्याची सही आहे का, गेटचा शिक्का आहे का, गाडी नंबर ई-वे बिलाशी, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटीच्या कागदाशी, जुळतो का. ४१ नंबरच्या चलनावर शिक्का नव्हता. नुसती एक तिरकी सही. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले हे हुडकून काढा, हा माल पोचल्याचा दुसरा पुरावा पाहिजे. दोन दिवस मी आणि आमचा सुपरवायझर कारखान्यात जुने मोबाईल धुंडाळत बसलो, शेवटी ड्रायव्हरच्या व्हॉट्सॅपवर काटा पावतीचा फोटो सापडला, त्यांच्याच गेटसमोरच्या वजनकाट्याची. साहेबांनी तो फोटो बघितला आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू बघितलं मी. लगेच ड्रायव्हरला बोलावून फोन रिसेट करू नको, विकू नको म्हणून बजावलं आणि त्याचं सर्टिफिकेट करून घेतलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते.

आमच्या बिलाच्या तळाला बेळगाव ज्युरिसडिक्शन असं छापलेलं होतं, मला वाटलं तेवढ्यानं झालं. ते म्हणाले नुसत्या छापील ओळीवर भरवसा नको, माल उद्यमबागेत ताब्यात दिला, पैसे बेळगावच्या खात्यात यायचे, हे पण दाव्यात स्पष्ट लिहू.

भाषेचं लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोर्टाचे कागद इंग्लिशमधी किंवा कन्नडमधी. मला कन्नड बाजारापुरतं येतं, कारखान्यात कामगारांशी बोलण्यापुरतं, खरं कोर्टाचं कन्नड वेगळं. आमच्या अण्णांनी आयुष्यभर न कळणाऱ्या कागदांवर सह्या केल्या, ते आठवतंय मला. साहेब क्लार्कशी कन्नडमधी, जजसाहेबांसमोर इंग्लिशमधी आणि माझ्याशी बेळगावच्या मराठीत. ॲफिडेव्हिट सहीला आलं तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले, ज्युनिअर म्हणाला सही करा साहेब वेळ झालाय, तर साहेबांनी ते काढून घेतलं आणि ११ पानं एकेक वाक्य मराठीत सांगून मग माझ्याकडून सही घेतली. सातव्या पानावर मीच एक तारीख चुकलेली पकडली. माझ्या ४९ वर्षांत कुठल्या ऑफिसात मला असं समजावून कुणी सही मागितली नव्हती.

पुढचं पटकन सांगतो. समन्स ऑगस्टमधी लागलं. कमर्शियल दाव्यात समोरच्यानं कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची, फार तर १२० दिवस, त्याच्यावर एक दिवस नाही, हक्कच जातो. पार्टीचे वकील जुन्या सवयीनं तारखा मागत राहिले. डिसेंबरमधी १२० दिवस संपले. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचा हक्क संपला म्हणून अर्ज टाकला. फेब्रुवारी २०२४ ला पार्टीचे मालक स्वतः बेळगावला आले बोलायला. बिलावर १८ टक्के व्याज छापलेलं, मला ते सोडवत नव्हतं, साहेबांनी कागदावर मांडून दाखवलं, निकाल, मग अपील, मग डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, कोल्हापूरच्या कोर्टाकडं बदलून न्यायची, तिथं वसुली, तिथं वेगळा वकील, आणि तोवर त्यांची फॅक्टरी चालू राहील का. निर्णय तुमचा म्हणाले. मी आणि बायकोनं रात्री बसून ठरवलं आणि व्याज सोडलं. एप्रिलला कोर्टात तडजोड झाली, १७ लाख पूर्ण मुद्दल, पहिला हप्ता ५ लाख आणि नंतर तीन हप्ते ४-४ लाखाचे, चुकला तर व्याजासकट डिक्री. चेकची केस शेवटचा हप्ता आल्यावरच मागं घ्यायची, ही अट त्यांनी घालून घेतली. नोव्हेंबर २०२४ ला शेवटचे ४ लाख आले. दागिने त्याच आठवड्यात सोडवले.

माझ्या ओळखीच्या निपाणीच्या एका तंबाखूवाल्यालाही मी त्यांच्याकडं नेलं होतं. बँकेची सरफेसीची, म्हणजे थकलेल्या कर्जापायी तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याची, नोटीस आलेली, ६० दिवसांची. त्याला वाटत होतं हे स्टे आणून देतील. त्यांनी कागद बघून तोंडावर सांगितलं की बँकेचं बरोबर आहे, उगीच बेंगळूरच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, पैसे घालू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि वनटाइम सेटलमेंटचं, म्हणजे एकरकमी तडजोडीचं, बोला. त्याला तेव्हा राग आला, नंतर प्लॉट विकून सेटलमेंट केली, गोडाऊन वाचलं. त्या सल्ल्याचे त्यांनी ५०० रुपये घेतले फक्त.

तक्रारी पण लिहितो. फोन उचलत नाहीत, म्हणजे खरोखर उचलत नाहीत, ११ ते ५ कोर्टात, नंतर ऑफिसात माणसं, मेसेजला उत्तर रात्री १० नंतर किंवा दुसऱ्या दिवशी. माझी एक तारीख पुढं गेलेली मला कोर्टात पोचल्यावर कळली, अख्खा दिवस गेला, फर्नेस बंद ठेवून गेलतो मी. ज्युनिअर बदलत राहतात, नवीन पोराला परत सगळं सांगायला लागतं. वयस्कर माणसाला तो जिना चढायला अवघड आहे, आमच्या अण्णांना शेवटी खाली गाडीत बसवून ठेवलं आणि साहेब स्वतः खाली येऊन बोलून गेले, ते खरं, तरी जिना अवघडच. फी कमी नाही, खरं टप्प्याटप्प्यानं घेतात, दावा घालताना, पुराव्याच्या वेळी, शेवटी, आणि प्रत्येक वेळी पावती. वसुलीतले टक्के मागत नाहीत, वकिलाला ते चालतच नाही म्हणाले.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा फोनसाठी कापला.

जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी जा, त्या दिवशी वेळ देतात. चेक, बँकेचा मेमो, पीओ (मालाची लेखी ऑर्डर), चलनांची मूळ फाईल आणि लेजर, सगळं तारखेनुसार लावून न्या. झेरॉक्सचा गठ्ठा नेऊ नका, माझ्यासमोर दोघांना त्यांनी परत पाठवलंय मूळ कागद आणा म्हणून. आणि चेक परत आलेला असेल तर शनिवारची पण वाट बघू नका, त्याच दिवशी संध्याकाळी जिना चढा.